टॅबवर काम सेव्ह झालंय पण क्लाउडवर पोचतच नाही: परत परत येणारी अडचण कशी शोधायची

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते, "मी काल पूर्ण केलं होतं, आज उघडलं तर काहीच नाहीये." आठवड्यातून एकदा तरी येतेच. कधी निबंध, कधी प्रयोगाचे फोटो, कधी अख्खी क्विझ सोडवून झालेली आणि शिक्षकाच्या स्क्रीनवर मात्र "सबमिट केलेलं नाही". मी ३० टॅबचा एक संच सांभाळतो, तेच टॅब दिवसभरात वेगवेगळ्या बॅचची मुलं वापरतात, कुणाच्या हातात कुठला टॅब येईल ते ठरलेलं नसतं आणि काम सगळं आपोआप क्लाउडवर जातंय असं सगळेच धरून चालतात. तुमच्याकडेही अशीच व्यवस्था असेल तर ही अडचण तुम्हाला नवीन नसणार. आम्ही दर वेळी काहीतरी उपाय करायचो, चार दिवस बरं चालायचं आणि परत तेच. म्हणून आता जे जे सापडलं ते सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, मूल खोटं बोलतंय असं धरून चालू नका. मी हे मुद्दाम पहिल्यांदा लिहितोय कारण आमच्याकडे एका मुलीला दोनदा बोलणी बसली होती, काम न करता बहाणा सांगते म्हणून, आणि तिसऱ्या वेळी मी टॅब हातात घेऊन बघितला तर तिची तीनही दिवसांची पानं त्याच टॅबमध्ये जशीच्या तशी पडून होती, फक्त वर गेली नव्हती. तिने काम केलं होतं, ॲपने "सेव्ह झालं" असंही सांगितलं होतं. दोघंही खरंच बोलत होते.

गोंधळाचं मूळ इथेच आहे. "सेव्ह" म्हणजे टॅबच्या आतल्या मेमरीत लिहिलं गेलं, एवढंच. क्लाउडवर जाणं ही त्यानंतरची वेगळी पायरी, तिला आपण सिंक म्हणतो, आणि ती नंतर कधीतरी, नेट मिळेल तेव्हा, ॲपला सिस्टीमने चालू द्यायचं ठरवलं तर होते. मधल्या वेळात ते काम जगात फक्त एकाच ठिकाणी असतं, त्या एका टॅबमध्ये. दुसऱ्या दिवशी मुलाला दुसरा टॅब मिळाला की त्याच्यासाठी ते काम गायब. म्हणून तक्रार आली की पहिला प्रश्न "काय झालं" हा विचारू नका, "काल कुठला टॅब होता" हा विचारा. आमच्याकडे टॅबच्या मागे मोठ्या अक्षरात नंबर चिकटवलेत आणि मुलं वहीच्या कोपऱ्यात तारखेशेजारी तो नंबर लिहितात. अर्ध्याहून जास्त भांडणं या एका आकड्यावर मिटली.

तो टॅब सापडला की आता सगळ्यात महत्त्वाचं: काही करू नका. म्हणजे लॉगआउट करू नका, अकाउंट काढू नका, ॲप अनइन्स्टॉल करून परत टाकू नका आणि सेटिंगमध्ये जाऊन "क्लिअर डेटा" तर अजिबात दाबू नका. ॲप अडलं की पुसून परत टाक हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बाकी वेळी तो चालतोही, पण इथे तोच घात करतो, कारण वर न गेलेलं काम त्याच डेटामध्ये बसलेलं असतं. अँड्रॉइडवर ॲपच्या स्टोरेजमध्ये दोन बटणं शेजारीशेजारी असतात, एक कॅश साफ करायचं आणि एक डेटा साफ करायचं. कॅश साफ केली तर सहसा काही बिघडत नाही, तात्पुरत्या फायली जातात, पण डेटा साफ केला की ॲप नवीन आणल्यासारखं कोरं होतं. आयपॅडवरही फरक आहे, तिथे "ऑफलोड" केलं तर ॲप जातं आणि त्याची कागदपत्रं राहतात, "डिलीट" केलं तर दोन्ही जातात. टॅबवरून अकाउंट काढून टाकलं तरी त्या अकाउंटचं न गेलेलं काम बरोबर जातं. घाई करून हातात असलेलं काम आपणच पुसतो आणि मग ॲपला दोष देतो.

आता शोध सुरू करा, तोही दुसऱ्या मशीनवरून. एखादा लॅपटॉप घ्या, ब्राउझरमध्ये मुलाचंच अकाउंट उघडा आणि ती फाइल बघा. तीनपैकी एक काहीतरी दिसेल. फाइल नीट, पूर्ण दिसली तर काम वर पोचलंय, फक्त टॅबवर दिसत नाहीये, म्हणजे टॅबवर चुकीचं अकाउंट चालू आहे किंवा ॲप जुनंच दाखवतंय. फाइल आहे पण अर्धी किंवा जुनी, तर सिंक मध्येच अडकलंय. आणि फाइल मुळात नाहीच, तर एकतर ती कधी वर गेलीच नाही किंवा ती दुसऱ्याच कुणाच्या अकाउंटमध्ये तयार झालीय. ही पाच मिनिटांची तपासणी सोडून थेट सेटिंगमध्ये शिरलात तर तास जातो, हे मी अनुभवाने सांगतोय.

दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये गेलेलं काम, हे सामायिक टॅबवर इतक्या वेळा होतं की मी आता तेच पहिल्यांदा बघतो. सकाळच्या मुलाने लॉगआउट केलं नाही, दुपारच्या मुलाने ॲप उघडलं, समोर कोरं पान आलं, लिहायला लागला. कोपऱ्यातलं ते छोटं गोल चित्र कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी सगळ्यांच्या अकाउंटला नुसतं एकेक अक्षर असतं त्यामुळे कळत नाही. उपाय सोपा आहे पण चिकाटी लागते: प्रत्येक मुलाने आपल्या अकाउंटला ओळखू येईल असं चित्र लावायचं, फोटो नको, एखादं झाड, पतंग, काहीही, आणि टॅब हातात घेतला की आधी आपलं चित्र आहे का बघायचं. चित्र दुसऱ्याचं असेल तर आपण स्वतः लॉगआउट न करता शिक्षकांना दाखवायचं, कारण त्या आधीच्या मुलाचंही काम कदाचित अजून वर गेलेलं नसेल. अँड्रॉइडमध्ये एकाच टॅबवर वेगवेगळे यूजर बनवता येतात, काही टॅबवर ती सोय बंद ठेवलेली असते, असेल तर जरूर वापरा. आयपॅडला संस्थेच्या व्यवस्थापनाखाली "शेअर्ड आयपॅड" म्हणून वापरता येतं, त्यात प्रत्येक मुलाचं दालन वेगळं राहतं.

पाहुणा म्हणून उघडलेलं सत्र किंवा ब्राउझरची खासगी खिडकी मात्र अभ्यासाला वापरू देऊ नका. ती बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, ती बनलीच त्यासाठी आहे.

दुसरं मोठं कारण बॅटरी वाचवणं. हे समजलं तेव्हा आमच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा झाला. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, टॅब वापरात नसला की सिस्टीम "डोझ" नावाच्या अवस्थेत जाते, स्क्रीन बंद, टॅब एका जागी पडलेला, चार्जिंगला नाही, की मागे चाललेल्या ॲपचं नेट आणि सिंक थांबवते, अधूनमधून थोडा वेळ उघडते. अँड्रॉइड ९ मध्ये त्यात भर पडली, कमी वापरलं जाणारं ॲप कोणतं ते सिस्टीम स्वतः ठरवते आणि त्याला मागे चालायला कमी संधी देते. अँड्रॉइड १२ पासून तर काही महिने न उघडलेलं ॲप झोपीच घातलं जातं. आता आपला प्रकार बघा: मूल लिहितं, तास संपतो, कव्हर बंद, टॅब कपाटात. सिंक व्हायला जो वेळ हवा होता नेमका तेव्हाच टॅब झोपला. आणि सुट्टीनंतर कपाट उघडलं तर ॲपही झोपलेलं. काही कंपन्यांचे टॅब यावर आपली वेगळी बॅटरी व्यवस्था लादतात, ती अजून कडक असते.

करायचं काय, तर सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जा, तिथे निर्बंध असलेला, ऑप्टिमाइझ्ड आणि अनरिस्ट्रिक्टेड असे पर्याय दिसतील, अभ्यासाच्या मोजक्या दोन-तीन ॲपना अनरिस्ट्रिक्टेड द्या. सगळ्यांना देऊ नका, बॅटरी दुपारपर्यंत संपेल. न वापरलेल्या ॲपची हालचाल थांबवण्याचं बटण त्याच ॲपच्या माहितीत असतं, तेही बंद करा. अकाउंटच्या पानावर आपोआप सिंक करण्याचं एक मुख्य बटण असतं, ते कुणीतरी कधीतरी बंद केलेलं सापडतं. डेटा सेव्हर चालू असेल तर मोबाइल डेटावर मागचं सिंक थांबतं. काही क्लाउड ॲपमध्ये, गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येही, फक्त वायफायवरच फायली पाठवायच्या असं सेटिंग असतं, घरी मुलं मोबाइलचं हॉटस्पॉट वापरतात तिथे याचा फरक पडू शकतो. आयपॅडवर जनरलमध्ये बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश बघा, आणि आयपॅडओएस १५ पासून लो पॉवर मोड आलाय, तो चालू असला की मागचं रिफ्रेश थांबतं. अजून एक, मुलांना सवय असते ॲपची खिडकी वर सरकवून "बंद" करायची, त्याने टॅब फास्ट होतो असं त्यांना वाटतं. आयपॅडवर असं बंद केलेलं ॲप परत उघडेपर्यंत मागे चालत नाही. ही सवय मोडायला आम्हाला फार वेळ लागला.

पण खरं सांगायचं तर सेटिंगपेक्षा जास्त उपयोग एका साध्या गोष्टीचा झाला, तासाची शेवटची पाच मिनिटं. लिहिणं थांबवायचं, ॲप उघडंच ठेवायचं, स्क्रीन चालू, आणि वर जे ढगाचं चिन्ह असतं त्यातला बाण जाऊन बरोबरची खूण येईपर्यंत टॅब ठेवायचा नाही. झोपलेल्या ॲपवर जितके निर्बंध असतात तितके समोर उघड्या ॲपवर नसतात. आम्ही मुलांना चिन्हं नीट शिकवली, फिरणारे बाण म्हणजे चाललंय, खूण म्हणजे पोचलं, रेघ मारलेला ढग म्हणजे नेट नाही. ॲपनुसार चिन्हं थोडी वेगळी असतात म्हणून प्रत्येक ॲपचं चित्र काढून भिंतीवर लावलंय. सात-आठ वर्षांची मुलंसुद्धा आता "माझा बाण अजून फिरतोय" असं येऊन सांगतात.

पाच मिनिटं पुरतात का? लिहिलेल्या मजकुराला आरामात पुरतात. व्हिडिओला नाही, आणि इथे जरा हिशेब करू कारण हा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता. समजा ३० मुलांनी प्रत्येकी ४० एमबीचा व्हिडिओ केला. झाले १२०० एमबी. एका बाइटचे ८ बिट, म्हणजे ९६०० मेगाबिट. तुमच्या नेटचा अपलोड स्पीड ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट, असेल, सगळा स्पीड पूर्ण मिळाला आणि मध्ये काही तुटलं नाही असं धरलं, तरी १९२० सेकंद, ३२ मिनिटं. प्रत्यक्षात ३० टॅब एकदम ढकलायला लागले की कुणालाच धड मिळत नाही, काही अपलोड ९० टक्क्यांवर तुटतात आणि काही ॲप ते पहिल्यापासून सुरू करतात. कनेक्शन घेताना जो मोठा आकडा सांगतात तो डाउनलोडचा असतो, अपलोड बहुतेक ठिकाणी त्यापेक्षा बराच कमी असतो, आणि मुलांचं काम जातं ते अपलोडवरून. म्हणून स्पीड टेस्ट करताना दुसरा आकडा बघा. आमचा उपाय: व्हिडिओची क्वालिटी ७२० वर आणली, लांबी एक मिनिटाच्या आत, गटात एकच व्हिडिओ, आणि गटांनी आळीपाळीने पाठवायचं. बोलून सांगायचं असेल तर नुसता आवाज रेकॉर्ड करा, त्याला खूप कमी जागा लागते आणि शिक्षकाला ऐकायलाही तेच सोपं पडतं.

नेटचंच अजून एक, वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आणि तरी काही जात नाही. हे चिन्ह फक्त राउटरशी बोलणं चालू आहे एवढंच सांगतं, राउटरच्या पलीकडे नेट आहे का ते नाही. बऱ्याच संस्थांमध्ये वायफायला जोडल्यावर एक पान उघडून त्यात नाव-पासवर्ड टाकावा लागतो, ते पान काही तासांनी परत मागतं, आणि मूल ॲपमध्ये असेल तर ते पान दिसतच नाही, नुसतं सिंक थांबतं. ब्राउझर उघडून कुठलीही साइट टाकून बघा, लॉगिनचं पान आलं तर कारण सापडलं. अभ्यासाच्या टॅबना या पानातून सूट देता येते का हे नेट सांभाळणाऱ्याला विचारा. त्यासाठी ते टॅबचा मॅक ॲड्रेस, म्हणजे वायफायवर टॅब ओळखायचा नंबर, मागतात आणि तिथे एक मेख आहे, अँड्रॉइड १० आणि आयपॅडओएस १४ पासून टॅब प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस न सांगता बनवलेला सांगतात. नोंदवलेला एक आणि दिसतो दुसराच. त्या वायफायपुरतं ते सेटिंग बंद करा, मग चालतं. एकाच राउटरवर ३० टॅब आणि शेजारच्या खोलीत दुसरा राउटर असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर दोघांना वेगळे चॅनल द्या, १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत, आणि टॅबना जमत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर न्या.

जागा भरणं हे कारण दोन्हीकडे तपासावं लागतं आणि लोक एकच बाजू बघतात. टॅबची मेमरी भरली की ॲपला लिहायलाच जागा नसते, मग कधी ते बंद पडतं, कधी गप्प बसतं. क्लाउडची बाजू भरली तर काम टॅबमध्ये रांगेत उभं राहतं. गूगलच्या साध्या अकाउंटला १५ जीबी मिळतात आणि ते ड्राइव्ह, जीमेल, फोटो तिन्हींचे मिळून, जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २ जीबी. गूगलच्या शैक्षणिक अकाउंटमध्ये १०० टीबी ही जागा अख्ख्या संस्थेची मिळून असते, म्हणजे दुसऱ्याच विभागाच्या व्हिडिओंनी ती भरली तरी फटका तुमच्या मुलांना बसू शकतो. मुलाच्या अकाउंटमध्ये स्वतःचं काही नसताना "जागा नाही" आलं तर हे विचारून बघा. आणि टॅबच्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो आपोआप बॅकअप होतायत का तेही, आमच्याकडे एका मुलाच्या अकाउंटमध्ये त्या टॅबवर चार बॅचनी काढलेले सगळे फोटो जाऊन बसले होते.

जुन्या टॅबचं दुखणं वेगळंच. लॉगिनच होत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. आधी तारीख बघा. महिनाभर कपाटात पडून बॅटरी पूर्ण उतरली की काही टॅबचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जातं, आणि सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, सुरुवातीची व शेवटची तारीख असते, टॅबच्या मते ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो बोलायलाच नकार देतो. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, दोन मिनिटांत सुटतं. तारीख बरोबर असून काही साइट उघडतात आणि काही नाही असं असेल आणि टॅब अँड्रॉइड ७.१ च्या आधीचा असेल, तर लेट्स एन्क्रिप्ट या साइटना फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नवं मूळ सर्टिफिकेट त्याला ओळखता येत नाही. जुनं मूळ सप्टेंबर २०२१ मध्ये संपलं, जुन्या अँड्रॉइडसाठी केलेली खास सोयही २०२४ मध्ये संपली. फायरफॉक्स आपली सर्टिफिकेटची यादी स्वतः बाळगतो म्हणून त्या टॅबवर चालणारी त्याची आवृत्ती मिळाली तर साइट उघडू शकते, पण ॲपचं तसं नाही. असे टॅब मी क्लाउडच्या कामातून काढलेत, त्यांच्यावर आता फक्त आधी उतरवून ठेवलेली पुस्तकं आणि धडे वाचायला देतो. त्या कामासाठी ते अजून उत्तम आहेत, फेकू नका.

आयपॅडवर ॲप न वापरता सफारीमध्ये एखादी अभ्यासाची साइट चालवत असाल तर हे नीट वाचा, कारण आम्ही यावर दोन आठवडे घालवले. काही साइट ऑफलाइन काम ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतात. आयपॅडओएस १३.४ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून, सफारीचा नियम असा आहे की ब्राउझर ७ दिवस वापरला गेला आणि त्यात त्या साइटला कुणी हात लावला नाही, तर त्या साइटने स्क्रिप्टने ठेवलेला साठा पुसला जातो. आपल्या माहितीची पाळत ठेवणाऱ्यांना आवर घालायला तो नियम आणलाय आणि चांगलाच आहे, पण अर्धवट क्विझही त्यात जाते. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या बॅचचं काम जायचं आणि रोज येणाऱ्यांचं कधीच नाही, हे कोडं त्यामुळे होतं. साइट होम स्क्रीनवर टाकून तिथूनच उघडली तर हा ७ दिवसांचा नियम लागत नाही.

क्विझबद्दल थोडक्यात. मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली वापरत असाल तर ॲपमध्ये क्विझ ऑफलाइन सोडवायला शिक्षकाने क्विझच्या सेटिंगमध्ये तशी परवानगी द्यावी लागते आणि मुलाने नेट असताना ती आधी उतरवून ठेवावी लागते. वेळेची मर्यादा लावलेली क्विझ ऑफलाइन होत नाही, आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर-चूक दाखवणारीही नाही. स्वतःचा सर्व्हर असेल आणि मुलांचे फोटो अपलोड होत नसतील तर सर्व्हरच्या पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) सेटिंगमध्ये फाइलचा मूळ आकार २ एमबीच धरलेला असतो, कुणी वाढवला नसेल तर टॅबच्या कॅमेऱ्याचा साधा फोटोही त्यात बसेलच असं नाही. नेट फारच बेभरवशाचं असेल तर कोलिब्रीसारखी प्रणाली बघा, त्यात सर्व्हर खोलीतच असतो, टॅब वायफायवरून त्याच्याशी बोलतात आणि बाहेरचं नेट रोज लागत नाही.

मग काम सापडलं, टॅबमध्येच आहे, पण वरही अर्धं काहीतरी आहे, अशा वेळी घाईने सिंक करू नका. आधी टॅबवरच्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्या, एकेक पान. शक्य असेल तर सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. मग नेटला जोडा, ॲप उघडं ठेवा, चार्जिंगला लावा आणि वाट बघा. दोन ठिकाणी वेगळे बदल झालेले असतील तर ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्ह बहुतेक वेळा दोन्ही प्रती ठेवतात, दुसरीच्या नावात काहीतरी जोडून, ती फोल्डरमध्ये शेजारीच असते. गूगल डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास कॉम्प्युटरवरून उघडा, आधीचं परत आणता येतं. कुणी चुकून डिलीट केलं असेल तर ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहतं, त्यानंतर तक्रार आली तर परत मिळण्याची खात्री नाही, म्हणून मुलांना सांगून ठेवा की शंका आली की त्याच दिवशी या.

आणि जे खरंच गेलं, डेटा साफ झाला, अनइन्स्टॉल झालं, ते परत येत नाही. "रिकव्हरी"चं आश्वासन देणारी ॲप त्यासाठी टाकू नका, ॲपच्या आतली माहिती त्यांच्या हाती लागत नाही आणि परवानग्या मात्र सगळ्या मागतात. अशा वेळी मी मुलाला सरळ सांगतो की तुझं काम गेलंय, चूक तुझी नाही, आणि शिक्षकांना सांगून मुदत वाढवून घेतो. जे आठवतंय ते लगेच बोलून रेकॉर्ड करायला सांगतो, दुसऱ्यांदा लिहायला त्यावरून सोपं जातं.

एवढं करून सुटलं नाही आणि ॲपवाल्यांना विचारायचं ठरवलं तर टॅबचा नंबर आणि मॉडेल, सिस्टीमची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, कुठलं अकाउंट, कुठलं वायफाय, शेवटचं सिंक किती वाजता झालेलं दिसतंय आणि चिन्ह कुठलं आहे याचा स्क्रीनशॉट, एवढं पाठवा. पासवर्ड कुणालाही पाठवू नका, आणि स्क्रीनशॉटमध्ये मुलाचं नाव दिसत असेल तर ते झाका. उत्तर येईपर्यंत तो टॅब बाजूला काढून चार्जिंगला ठेवा, वर चिठ्ठी लावा की हात लावू नये. आमच्याकडे अशी चिठ्ठी लावलेला टॅब एका सकाळी दुसऱ्या बॅचने उचलला आणि कुणीतरी चांगल्या मनाने तो रिसेट करून दिला, तेव्हापासून असे टॅब कुलपाच्या कप्प्यात जातात.